शब्दचर्चा : हॉवित्झर आणि उखळी तोफ

प्रश्न : एक अनुवाद तपासते आहे. त्यात 'हॉवित्झर'ला सगळीकडे 'उखळी तोफ' म्हटलंय आणि '१५५ मिमी/५२ कॅलिबर'चं '५२ किमी पल्ल्याची' असं केलंय. ठेवू का?

– दोन्ही बदला. उखळी तोफ म्हणजे मॉर्टर : आखूड नळी, गोळा वरून तोंडातून आत सोडायचा, तो उंच जाऊन पलीकडे पडणार. पायदळाच्या ८१ मिमी मॉर्टरला हे नाव चपखल बसतं. हॉवित्झरमध्ये गोळा मागून भरतात. नळी उचलून डोंगरापलीकडे मारा करता येतो, तशीच ती खाली आणून समोर दिसणाऱ्या ठाण्यावर थेटही मारता येतं. १९९९ साली कारगिलमध्ये बोफोर्सने ही दोन्ही कामं केली. तिला उखळी म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर वेगळंच हत्यार उभं राहतं.

आणि ५२ म्हणजे पल्ला नव्हे, नळीची लांबी, तीही तोंडाच्या व्यासाच्या पटीत. १५५ गुणिले ५२ म्हणजे ८०६० मिमी, आठ मीटरला थोडी जास्तच. बोफोर्स ३९ कॅलिबरची, म्हणजे साधारण सहा मीटर. भारतीय बनावटीची 'धनुष' तोफ ४५ची, जवळपास सात. नळी लांब असली की दारूच्या वायूंना गोळा रेटायला जास्त वाव मिळतो आणि तो अधिक वेगाने सुटतो.

– थोडी भर. मूळ शब्द चेक, 'होउफनित्से'. 'होउफ' म्हणजे जमाव. पंधराव्या शतकात हुसाईट लोक, म्हणजे चेक प्रदेशातले धर्मसुधारणावादी बंडखोर, शत्रूच्या दाटीवर ही आखूड तोफ डागत. पुढेही बराच काळ लांब नळीची, सपाट मारा करणारी ती 'गन' आणि आखूड नळीची, चढा मारा करणारी ती 'हॉवित्झर' असा भेद होता. ५२ कॅलिबरच्या नळीने तो जवळजवळ मिटवला. तोफखान्यातली माणसं तर सर्रास 'गन'च म्हणतात.

– मग नुसतं 'तोफ' चालेल? लेख 'ॲटॅग्स' या नव्या भारतीय ओढून न्यायच्या तोफेवर आहे.

– खुशाल चालेल, पहिल्यांदा 'हॉवित्झर तोफ' लिहा म्हणजे झालं. ही तोफ पुण्याच्या एआरडीईने (डीआरडीओची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा) भारत फोर्ज आणि टाटांना बरोबर घेऊन घडवली. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला. चाचण्यांत तिने ४८ किमी गाठले, त्यामागे नुसती नळी नाही. गोळ्यामागे दारू भरायची जागा, म्हणजे 'चेंबर', ५२ कॅलिबरच्या इतर तोफांत साधारण २३ लिटरची असते, हिची २५ लिटरची आहे. 'चेंबर'ला 'खोली' केलं असेल तर तेही काढा. मी 'कोठी' लिहीन.

– 'खोली'च केलंय! आता असं करते : '१५५ मिमी व्यासाची, ५२ कॅलिबर लांब नळीची हॉवित्झर तोफ.'

– उत्तम. फक्त 'व्यासाची' नको, 'व्यासाच्या तोंडाची' करा.