ग्रॅव्हिटीच्या नकाशावरून कोयनेचे फॉल्ट ठरवायचे?

कातळवेडा: परवा एका व्याख्यानात कोयना भागाचा ग्रॅव्हिटी-मॅग्नेटिकचा (गुरुत्व आणि चुंबकत्व कुठे कमी-जास्त भरतं त्याचा) रंगीत नकाशा दाखवला आणि त्यावर रेघा मारून हे खोलातले फॉल्ट (भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगा) म्हणून सांगून मोकळे. माझ्या मते दख्खनच्या बेसॉल्ट कातळाखाली हे अंदाजपंचेच. १९७३ साली ग्रॅव्हिटी कमी भरते म्हणून कोयना आणि कुर्डुवाडीकडे बेसॉल्टखाली खचदऱ्या (जमीन खचून झालेल्या, हलक्या गाळाने भरलेल्या दऱ्या) दडल्यात असं मांडलं गेलं, पुढे कित्येक वर्षं तेच उगाळलं, आणि कोयनेला बोअर मारल्या तर बेसॉल्ट संपला की थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे तळचा जुना कठीण खडक! मध्ये गाळाचा पत्ता नाही. खचदरी म्हटलं की गाळ नको?

मिलिगल: अहो पण कोयनेजवळच्या गोठणे गावची ३ किमीची बोअर मारायच्या आधी हवाई ग्रॅव्हिटी-मॅग्नेटिक सर्व्हे झालाच होता ना. जंगल, घाट, धरणाचं पाणी, पायी फिरून मोजणीची किती स्टेशनं घेणार? बोअर एका ठिपक्याचं सांगते, सर्व्हे अख्ख्या भागाचं.

साताऱ्याची: कातळवेडांशी सहमत, आणि कारण साधं आहे. १९६७ चा भूकंप स्ट्राइक-स्लिप, म्हणजे खडक बाजूला सरकला, वर-खाली फारसा नाही. भ्रंशाच्या दोन्हीकडे तेच ग्रॅनाइट, वजनात फरक नाही, मग ग्रॅव्हिटीला दिसणार काय? मॅग्नेटिकचं तर विचारूच नका. वरचा हजारेक मीटर बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय, त्यात काही थर उलट्या दिशेने चुंबकलेले, त्या गोंगाटात खालचं काय ऐकू येणार. आणि उंची १ मीटरने चुकली की ०.३ मिलिगल (ग्रॅव्हिटी मोजायचं एकक) गेलेच, सह्याद्रीत कडे बघताय ना? (आमच्याकडे सपाट जागा क्रिकेटलाही मिळत नाही.)

मिलिगल: ताई, स्ट्राइक-स्लिपचं मान्य. पण फॉल्टमधला खडक चुरलेला, पाणी मुरलेला असतो, तो हलका भरतो. पट्टा रुंद असेल तर ग्रेडिएंटमध्ये (ग्रॅव्हिटी किती झपाट्याने बदलते त्यात) खूण उमटते. एकट्या ग्रॅव्हिटीवर कोण विसंबतंय, भूकंपांची केंद्रं आणि ६७ ला जमिनीला पडलेल्या भेगांची दिशा त्यावर ठेवून बघायची, जुळलं तर जुळलं.

कातळवेडा: न जुळलेल्या रेघांचं काय मग? त्या खोडलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. ग्रॅव्हिटी कमी भरायला छप्पन कारणं, बेसॉल्ट पातळ असेल, खालचं कवच जाड असेल. निदान अंदाजाची रेघ तुटक तरी मारा!

मिलिगल: मीही होतो त्या व्याख्यानाला. तुटकच होत्या, मागच्या रांगेतून दिसलं नसेल.