शब्द हवाय : मठात गेलेल्या बाईने 'दीक्षा घेतली' म्हणावं का?

पिंपळपान : मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती जोगिणींवरचा लेख मराठीत करतेय. बाई मठाच्या दाराशी येऊन मागणं घालते, मग वर्षभर तिला पारखतात (संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमात तसं आहे), मग ती शपथपत्र स्वतःच्या हाताने वेदीवर ठेवते. या शेवटच्या पायरीला मी 'दीक्षा' लिहिलं, संपादकांनी 'संन्यास' केलं. आणि मधल्या वर्षाला काय म्हणायचं?

गावगाडा : संन्यास नकोच. संन्यासी भटकतो. यांना १२९८ मध्ये पोप आठव्या बोनिफासने मठाबाहेर पडायलाच बंदी केली.

कृष्णाकाठ : आम्ही सांगलीकडचे जैन, आमच्यात दीक्षाच म्हणतात. मधल्या टप्प्याला क्षुल्लिका (आर्यिकेच्या खालची पायरी) घ्या, पुढे आर्यिका, म्हणजे पूर्ण साध्वी. आत्याच्या दीक्षेत केशलोच पाहिलाय, राख लावून केस चिमटीने उपटतात. असिसीची जोगीण संत क्लेअर, तिचेही केस १२१२ मध्ये संत फ्रान्सिसने उतरवलेच की.

गावगाडा : कापले हो, उपटले नाहीत! शिवाय क्षुल्लिका जन्मभर क्षुल्लिका राहू शकते. इथे वर्ष सरलं की आत या, नाहीतर घरी जा. सरळ 'उमेदवारी' लिहा.

पोफळी : उमेदवारी? कारखान्यात फिटर लागल्यासारखं वाटतं. त्यात फारसी.

गावगाडा : मग 'कारखाना' कुठला?

म्हापसेकर : आमची आजी 'माद्र (जोगीण) जाली' एवढंच म्हणायची. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठ १६०६ पासूनचा, तेव्हा शब्द तिथून मुरलेला.

मोडी : १६०६ मध्ययुग नव्हे. आणि 'घेतली' कशाला धरून बसलाय? जर्मनीतली जोगीण हिल्डेगार्ड, तिला आईबापांनी लहानपणीच देवाला वाहिली, १११२ मध्ये ती युट्टा नावाच्या जोगिणीबरोबर डिसिबोडेनबर्गच्या मठात कोंडली गेली. खंडोबाला मुरळी वाहायचे तसंच. वर मठाला हुंडा!

पोफळी : हुंडा नवऱ्याला देतात. देणगी म्हणा.

मोडी : १२१५ च्या लॅटरन परिषदेने (चर्चच्या धर्मसभेने) मठप्रवेशाचे पैसे घ्यायला मनाई केली, तेव्हा त्यांनीही देणगीच म्हटलं. पैसे चालूच राहिले. लग्नाच्या हुंड्यापेक्षा स्वस्त पडायचं ना.

कृष्णाकाठ : हुंडा हा हुंडीवरूनच आला असणार.

गावगाडा : ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली! ते सोडा, महानुभावांचा 'अनुसरली' (पंथाची दीक्षा घेतली) घ्या. त्यांची कवयित्री महदाइसा क्लेअरच्याच शतकातली.

पोफळी : 'अनुसरली' वाचून किती जणांना कळेल?

गावगाडा : क्षुल्लिका कळणाऱ्यांना कळेल.

कृष्णाकाठ : आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतं, साहेब.