नावं बुधवारपर्यंत द्या ('सलाम परिवार' ग्रुप)

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

जर्सी वहिनी (सकाळी ६.४८): सगळ्यांना सलाम. चौथ्यांदा लिहितेय. येत्या रविवारी, २ तारखेला, इथं न्यू जर्सीत आमच्या चर्चमध्ये सर्व संतांच्या सणाची उपासना आहे. त्यात प्रभूकडे गेलेल्या आपापल्या माणसांची नावं वाचतात. नावं ऑफिसात बुधवारी दुपारपर्यंत हवीत, गुरुवारी उपासनेची पत्रिका छापतात. इंग्रजी स्पेलिंगसकट द्या. गेल्या वर्षी छापून झाल्यावर तिघांचे फोन आले होते. या वर्षी मी कुणाचं ऐकणार नाही.

नगर काकू: 🌹🌹 शुभ सकाळ (फोटो: गुलाब, खाली स्तोत्र २३)

पिंट्या: गेलेल्यांनाही डेडलाइन 😄

नाशिक ताई: पिंट्या, सकाळी सकाळी नको.

बापूकाका: सलाम. नानाचं नाव यादीत आहे का?

जर्सी वहिनी: काका, मला जी नावं येतात ती मी देते. गेल्या वर्षीची यादी आत्यांनी पाठवली होती.

आत्या पंचहौद: माझ्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. आई, अण्णा, मावशी, आमचे हे आणि थोरल्या वहिनी. पाच नावं. बरोबर होती.

बापूकाका: नानाचं नाव यादीत आहे का?

आत्या पंचहौद: नानाला चर्चची पायरी चढून किती वर्षं झाली होती? उगाच विषय काढू नकोस.

बापूकाका: मी विषय काढला नाही. मी प्रश्न विचारला.

(आत्या पंचहौद यांनी हा मेसेज डिलीट केला)

पिंट्या: मी वाचला 🙊

बापूकाका: आणि मुळात आपल्यात मेलेल्यांची नावं वाचायची पद्धतच नाही. आपण अमेरिकन मिशनचे. संतांचे सण नाहीत, मेणबत्त्या नाहीत. माणूस गेला की तो देवाच्या हाती. हे सगळं पुण्याच्या पंचहौद चर्चवाल्यांकडून घरात आलं.

आत्या पंचहौद: तुझा नियम मोडतो, तरी नानाचं नाव हवंच?

बापूकाका: वाचायचीच असतील तर सगळ्यांची वाचा, एवढंच म्हणणं आहे.

दादा जर्सी: काका, इथं प्रेअर बुकातच गेलेल्यांसाठी प्रार्थना आहे. आताचं पुस्तक १९७९ चं आहे, त्यात दर रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत ती येते. शिवाय आमचं चर्च एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं अँग्लिकन घराणं. आत्याच्या बाजूचे.

बापूकाका: अमेरिकन लोकांनीच आमच्या आजोबांना शिकवलं की हे करायचं नाही!

दादा जर्सी: ते वेगळे अमेरिकन, काका. ते बोस्टनवाले मिशनरी 😀

सोनू (रटगर्स): १८१३ ला मुंबईत उतरले, मग १८३१ ला नगरला आले. बरोबर ना आजोबा?

बापूकाका: शाब्बास. निदान एकाला तरी माहीत आहे.

नाशिक ताई: १९७० ला नागपुरात आपल्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं ना? येत्या २९ नोव्हेंबरला ५५ वर्षं होतील. आपल्या घरात मात्र अजून तुमचे आणि आमचे.

पिंट्या: ताई, सीएनआय झालं, आपलं घर अजून वाटाघाटीत आहे.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

जर्सी वहिनी (सकाळी ७.१०): नावं. बुधवारपर्यंत. स्पेलिंगसकट. 🙏

नगर काकू: 🌻 शुभ सकाळ

सोनू: वहिनी, एक विचारू? कुटुंबाबाहेरचं नाव चालतं का? आनंदीबाई जोशींचं द्यायचं होतं. त्या इथे न्यू जर्सीतच, रोझेलला कार्पेंटर बाईंकडे राहिल्या होत्या. पुण्यात १८८७ ला वारल्यावर त्यांच्या अस्थी इकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या जागेत त्या आहेत. मी सप्टेंबरात जाऊन आले. इतक्या लांब त्यांचं नाव घेणारं कोण आहे?

नाशिक ताई: किती छान गं. मला हे माहीतच नव्हतं.

आत्या पंचहौद: सोनू बाळा, छान आहे. पण त्या ख्रिस्ती नव्हत्या. हिंदू म्हणून जाते, हिंदू म्हणूनच परत येईन असं भरसभेत सांगून त्या बोटीत बसल्या होत्या. त्यांच्या मागे आपण त्यांना यादीत घालणं बरोबर नाही. त्यांना तरी आवडलं असतं का?

सोनू: हा मुद्दा पटतो आत्याआजी. मग नको.

आत्या पंचहौद: नाव घ्यायचंच तर पंडिता रमाबाईंचं घ्या. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला झाला, मीखाएलाच्या सणाला, इंग्लंडात वाँटेजला. त्याच मठाच्या सिस्टर्स आमच्या पंचहौदात होत्या.

पिंट्या: आला, पंचहौद आला 🔔

दादा जर्सी: रमाबाई इथल्या चर्चच्या दिनदर्शिकेतच आहेत, एप्रिलमध्ये. त्यांना आमच्या यादीची गरज नाही.

बापूकाका: आनंदीबाईंचा विचार होतो. रमाबाईंचा होतो. नानाचा नाही. नानाचं नाव यादीत आहे का?

पिंट्या: आनंदीबाईंचं घ्या, पण गोपाळरावांना यादीजवळ फिरकू देऊ नका. त्यांनी १८९० ला पंचहौदात मिशनऱ्यांकडे चहाला गेलेल्यांची नावं पेपरात दिली होती. टिळक, रानडे सगळे गोत्यात!

आत्या पंचहौद: तो चहा आमच्याकडचा. शंभर वर्षांहून जास्त झाली, अजून त्या चहाचं लोक बोलतात. तुमच्या नगरच्या चहाचं बोलतं का कोणी?

बापूकाका: नगरच्या चहाला प्रायश्चित्त लागत नाही.

नाशिक ताई: 😂😂 काका!

जर्सी वहिनी: चहावरून आठवलं. २ तारखेच्या कॉफी अवरची (उपासनेनंतरच्या चहापाण्याची) पाळी आमची आहे. साठेक माणसं असतात. समोसे आणू म्हणतेय.

आत्या पंचहौद: समोसे? ते कधीपासून आपले झाले?

नगर काकू: शंकरपाळी कर गं. फराळातली उरली असेल ना?

जर्सी वहिनी: उरलेली नाही काकू. दिवाळीला शेजारच्या गुजराती घरी डबा दिला, त्यांनी रिकामा परत केला नाही, मग मी परत भरला. संपली.

दादा जर्सी: समोसे ठरलेत. आणि येणारा प्रत्येक जण चर्चच्या पँट्रीसाठी, म्हणजे गरजूंना धान्य देतात तिथं, एकेक डबा आणणार आहे. इथं सरकारचं शटडाउन चालू आहे, फूड स्टॅम्पचे (गरिबांना अन्नासाठी मिळणारे सरकारी) पैसे १ तारखेपासून अडकणार असं दिसतंय. गेल्या शनिवारी रांग पार्किंगपर्यंत गेली होती.

बापूकाका: हे काम चांगलं. मेणबत्त्यांपेक्षा हे करा.

दादा जर्सी: दोन्ही करतो काका. आणि हा महिना नुसता संतांचा नाही, पैशांचाही आहे. पुढच्या वर्षी किती देणार तो आकडा कार्डावर लिहून द्यायचा, त्यावर व्हेस्ट्री बजेट बसवते. मी यंदा व्हेस्ट्रीवर आहे. निम्मी कार्डं अजून आलेली नाहीत आणि बॉयलर मात्र आताच धापा टाकतोय.

बापूकाका: व्हेस्ट्री म्हणजे आपली पास्टोरेट कमिटी?

दादा जर्सी: तशीच. फक्त पाळक कोण हवा ते व्हेस्ट्री ठरवते. बिशप संमती देतात.

बापूकाका: आणि आमच्याकडे बदलीची ऑर्डर येते, मंडळीला शनिवारी कळतं. पण पैशांचं तुमचं पटलं नाही. आधीच आकडा काय लिहून द्यायचा? आमच्याकडे कापणीच्या उपकारस्तुतीला लोक भोपळे, बाजरीची कणसं, कोंबडी घेऊन येतात, उपासनेनंतर लिलाव. गेल्या साली मी एक दुधी अकराशेला घेतला.

नगर काकू: आणि तो कडू निघाला.

पिंट्या: 🤣🤣🤣

बापूकाका: दान होतं ते. चव बघायची नसते.

(नगर काकू: व्हॉइस मेसेज, २ मिनिटं ४० सेकंद)

पिंट्या: काकू, यात फक्त कुकरच्या शिट्ट्या आहेत.

बुधवार, २९ ऑक्टोबर

जर्सी वहिनी (सकाळी ६.३०): आज बुधवार. आत्तापर्यंत आलेली नावं: शून्य. वाद: पुष्कळ.

बापूकाका: नानाचं नाव यादीत आहे का?

नाशिक ताई: काका, तुम्ही एकदाच नीट सांगा ना काय हवंय. दर वेळी तोच मेसेज टाकून काय होणार?

बापूकाका: तर ऐका. ऑक्टोबरात फ्रान्सिसच्या सणाला जर्सीत कुत्र्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद दिला. फोटो याच ग्रुपवर आला, सगळ्यांनी बदाम टाकले. आत्यानंही टाकला. कुत्र्याला आशीर्वाद चालतो. माझ्या भावाचं नाव चालत नाही.

दादा जर्सी: काका, ती पद्धत आहे इथली. न्यूयॉर्कच्या मोठ्या कथीड्रलमध्ये तर उंट आणतात.

पिंट्या: उंटाला सुईच्या नेढ्यातून काढतात की मुख्य दारातून?

नाशिक ताई: पिंट्या!!!

आत्या पंचहौद: बोलायचंच असेल तर बोलते. वीस वर्षं नानाशी बोलला नाही तो कोण? नगरच्या जागेच्या कागदावर त्यानं सही केली नाही म्हणून त्याचा फोन कोण उचलत नव्हतं? एकवीस साली तो हॉस्पिटलात होता तेव्हा मी फोन करत होते. मी. आज नावाचा पुळका तुला आलाय.

(दहा मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही.)

नगर काकू: 🌷

बापूकाका: फोन उचलला नाही. खरं आहे.

बापूकाका: म्हणूनच विचारतोय.

नाशिक ताई: आत्या, तू मग गेल्या वर्षी नाव का नाही दिलंस?

आत्या पंचहौद: कोणतं देणार होते? लग्नात त्यानं नाव बदललं. कागदोपत्री एक, बाप्तिस्म्याचं दुसरं. त्यानं स्वतः टाकलेलं नाव आपण देवळात वाचायचं? आत्ता आनंदीबाईंच्या बाबतीत मी तेच म्हटलं. माणसाची इच्छा असते काही.

सोनू: आत्याआजी, त्यांना तुम्ही काय हाक मारायचात?

आत्या पंचहौद: नाना. अजून काय.

जर्सी वहिनी: मग 'नाना' लिहू का? इथं एक आजोबा दर वर्षी फक्त 'पॉप्स' लिहून देतात. आमच्या मदर (पाळकबाई) तसंच वाचतात, कोणी काही विचारत नाही.

बापूकाका: नुसतं नाना? पत्रिकेत? बरं दिसत नाही ते.

दादा जर्सी: मला सायकल नानांनी शिकवली. मला त्यांचं दुसरं नाव चौथीपर्यंत माहीत नव्हतं.

जर्सी वहिनी (संध्याकाळी ७.०५): ऑफिस आमच्याकडे दुपारी १२ ला बंद. म्हणजे तुमच्या रात्री साडेनऊला. बाकीची नावं गेल्या वर्षीच्या पत्रिकेतून घेतेय. नानांचं काय?

पिंट्या: वहिनी, शेवटच्या क्षणापर्यंत थांब. आपल्या घराची परंपरा आहे.

आत्या पंचहौद (रात्री ९.११): (फोटो)

आत्या पंचहौद: अण्णांच्या बायबलचं पहिलं पान. अण्णांच्या हातचं आहे. आम्हा सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे. तिसरी ओळ नानाची. बाप्तिस्म्याचं नाव आहे आणि कंसात अण्णांनीच 'नाना' लिहिलंय, तो तीन महिन्यांचा होता तेव्हा. तसंच छाप. स्पेलिंग तुझं तू बघ.

जर्सी वहिनी: पाठवलं. धन्यवाद आत्या. 🙏🙏

नाशिक ताई: अण्णांचं अक्षर! किती वर्षांनी पाहिलं 😢

सोनू: आईपणजीच्या नावापुढे शाईचा डाग आहे तो कसला?

बापूकाका: एक मिनिट.

बापूकाका: हे बायबल तुझ्याकडे कसं?

पिंट्या: आता कोणीही झोपत नाही.

बापूकाका: १९९८ पासून मी हे बायबल शोधतोय. ट्रंका उपसल्या. आम्हाला वाटलं नाना घेऊन गेला.

आत्या पंचहौद: शुभ रात्री. सगळ्यांना सलाम.

बापूकाका: आम्ही त्याला विचारलंसुद्धा होतं.

(आत्या पंचहौद: शेवटचं पाहिलं रात्री ९.२६)

रविवार, २ नोव्हेंबर

जर्सी वहिनी (सकाळी ८.५०): पत्रिकेचा फोटो टाकतेय. आमच्याकडे सकाळी १० ला उपासना. लिंक वर आहे. वेळ नीट बघा, आज रात्री आमची घड्याळं एक तास मागे जातात.

नगर काकू: 🌼 आशीर्वादित रविवार

बापूकाका (संध्याकाळी ७.३५): लिंक लागली. चर्च रिकामं दिसतंय. लोक आलेच नाहीत का?

पिंट्या: काका, साडेआठला आहे आज. घड्याळ बदललं.

बापूकाका: दर वेळी साडेसातलाच असते.

पिंट्या: दर वेळी घड्याळ बदलत नाही.

जर्सी वहिनी (संध्याकाळी ७.५२): अरे देवा, सकाळच्या ८ च्या उपासनेनंतर कॅमेरा बंद करायचा राहिला वाटतं. काका, थांबू नका, जेवून घ्या.

बापूकाका: असू दे. गायकमंडळी तयारी करताहेत. एकच ओळ अकरा वेळा म्हणून झाली. पेटी नाही, तबला नाही, पण सूर पक्के आहेत. एक माणूस कपाटातून मेणबत्त्या काढून वाळूच्या परातीत लावतोय. त्याचा गुडघा दुखतो, माझ्यासारखाच.

नाशिक ताई: मी आले. काका म्यूट करा, कुकर ऐकू येतोय.

आत्या पंचहौद (रात्री ९.०२): मी पण आहे. पाळकबाई पांढऱ्या झग्यात. आमच्याकडेही आज पांढराच.

बापूकाका: आत्तापर्यंत तर हिरवा असायचा.

आत्या पंचहौद: सण आहे म्हणून. तुला काय कळतंय त्यातलं.

दादा जर्सी: नावं सुरू होतील आता. प्रत्येक नावाला घंटा आहे.

नाशिक ताई: अण्णा 🕯️

नाशिक ताई: आई 🕯️

पिंट्या: अण्णांना 'ॲना' केलं राव.

नाशिक ताई: शांत बस ना.

सोनू: नाना 🕯️

नाशिक ताई: 🕯️

दादा जर्सी: 🕯️

आत्या पंचहौद: ऐकलं.

जर्सी वहिनी (रात्री १०.४०): समोसे दहा मिनिटांत संपले. पँट्रीच्या दोन पेट्या भरल्या. एक आजीबाई विचारत होत्या, नाना म्हणजे तुमची आजी का. त्यांच्याकडे आजीला नाना म्हणतात. मी सांगितलं, काकांचे भाऊ.

पिंट्या: नाना आजी 😄 त्यांनाच सर्वांत जास्त हसू आलं असतं.

बापूकाका (रात्री १०.४८): नाव नीट वाचलं. तुझे आभार, सूनबाई.

बापूकाका: आता बायबल नगरला कधी येतंय?

(आत्या पंचहौद लिहीत आहे…)