‘रादिओ लिब्र’ : मुक्त, खासगी की चोरटे?

अनुवादिका
फ्रेंच नभोवाणीच्या इतिहासावरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘रादिओ लिब्र’ या संज्ञेपाशी मी अडले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये प्रक्षेपणाची मक्तेदारी सरकारकडे होती. ती झुगारून पॅरिसमधील ‘रादिओ व्हेर्त’सारखी जी केंद्रे १९७७ पासून विनापरवाना बोलू लागली, त्यांना हे नाव मिळाले. मी ‘मुक्त नभोवाणी’ असे लिहिले होते, संपादकांनी त्याचे ‘खासगी रेडिओ’ केले. माझा आक्षेप असा, की खासगी केंद्रे फ्रेंच श्रोत्यांना आधीपासूनच ठाऊक होती. रेडिओ लक्झेंबर्ग १९३३ पासून आणि ‘युरोप १’ १९५५ पासून ऐकू येत होते. फक्त त्यांचे मनोरे सीमेपलीकडे होते, म्हणून त्यांना ‘पेरिफेरिक’ म्हणत.

शब्दकण
‘पेरिफेरिक’ला ‘परिघीय’ असा कोरडा शब्द योजण्यापेक्षा ‘वेशीबाहेरची केंद्रे’ म्हणावे. युरोप १ चा मनोरा आजच्या जर्मनीतील सारलँडमध्ये आणि स्टुडिओ पॅरिसमध्ये, म्हणजे बोलणारा गावात आणि आवाज वेशीबाहेरून. त्यात पुढे फ्रेंच सरकारनेच भागभांडवल घेतले, तेव्हा ‘खासगी’ हा शब्द तिथेही लंगडतो.

जुना श्रोता
‘मुक्त’ म्हटले की मराठी वाचकाला मुक्तछंद आठवतो, नाहीतर मुक्त विद्यापीठ. इथे तर कायदा मोडला जात होता. १९७९ मध्ये समाजवादी पक्षाच्या ‘रादिओ रिपोस्त’वर पोलिसांनी धाड घातली आणि खुद्द पक्षनेते (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले) मित्तराँ यांच्यावर गुन्हा दाखल झाला. ‘चोरटे केंद्र’ हाच प्रामाणिक शब्द आहे.

अनुवादिका
‘चोरटे’ हा सरकारी पक्षाचा शब्द झाला. त्याच मित्तराँ यांच्या राजवटीत १९८१ आणि १९८२ च्या कायद्यांनी या केंद्रांना मान्यता मिळाली. मग एका रात्रीत चोरट्याचे साव झाले काय?

साष्टीकर
थोडे आडवळण घेतो. पोर्तुगीज काळात पणजीचे केंद्र ‘एमिसोरा द गोवा’ होते आणि आमचे आजोबा शेवटपर्यंत ‘एमिसोरा लाव’ असेच म्हणत. फ्रेंचमध्ये मात्र ‘एमिस्याँ’ म्हणजे केंद्र नव्हे, कार्यक्रम. अनुवाद करताना या सख्ख्या वाटणाऱ्या शब्दांपासून जपावे.

बोलीभाषक
मुळात ‘नभोवाणी’ आज कोण बोलते? आमच्या घरी ‘रेडिओ’ लावला जाई आणि त्यावर ‘आकाशवाणी’ ऐकली जाई. ‘आकाशवाणी’ हे एका संस्थेचे नाव झाल्यामुळे ‘फ्रान्सची आकाशवाणी’ विचित्र वाटते, हे खरे. तेव्हा सरळ रेडिओ लिहा.

जुना श्रोता
नभोनाट्य हा शब्द चालतो, मग नभोवाणीनेच काय घोडे मारले? तुमच्या हिशेबाने आजोबांनी ऐकलेले नभोनाट्य आता ‘रेडिओ-प्ले’ म्हणायचे.

शब्दकण
मला वेगळीच शंका आहे. ‘एनआरजे’ या केंद्राच्या नावातील अक्षरांचा फ्रेंच उच्चार केला की ‘एनेर्जी’, म्हणजे ऊर्जा, असे ऐकू येते. हे केंद्र १९८१ मध्ये ‘लिब्र’ म्हणूनच निघाले; १९८४ मध्ये जाहिरातींना परवानगी मिळाली, आणि पुढे त्याचे देशभर जाळे झाले. उलट, सहकारी वृत्तीने चालणाऱ्या संघटनांच्या केंद्रांचा सरकारी वर्गवारीत ‘अ’ वर्ग झाला आणि त्यांना सरकारी निधी मिळू लागला. आता मुक्त कोण, जाहिरातदारावर जगणारा की अनुदानावर?

अनुवादिका
लेखात फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातील लाँग्वीच्या पोलाद कामगारांसाठी सेजेते या कामगार संघटनेने १९७९ मध्ये काढलेल्या ‘लॉरेन कर दासिए’ या केंद्राचाही उल्लेख आहे. त्याचे मी ‘लॉरेन, पोलादी हृदय’ असे केले आहे.

बोलीभाषक
कारखाना बंद पडणार म्हणून रस्त्यावर उतरलेल्या माणसाला हृदय नसते, काळीज असते.

जुना श्रोता
पण ‘पोलादी काळीज’ म्हटले की मराठीत निर्दय माणूस वाटतो.

साष्टीकर
आमच्याकडे ‘काळीज’ म्हटले की आधी माया येते. पोलादाचे काय करायचे ते तुम्ही ठरवा.