काळजी ‘लांबणीवर टाका’ म्हटलं की लोक ती दाबतात. चूक कुठे होते?

प्रश्न:
सतत काळजी करण्याच्या विकारात मेटाकॉग्निटिव्ह थेरपीप्रमाणे (विचारांबद्दलच्या समजुतींवर काम करणारी उपचारपद्धती) रुग्णांना संध्याकाळी ७ ते ७.१५ ही ‘काळजीची वेळ’ देतो, दिवसभराची काळजी तोवर लांबणीवर. पुढच्या सत्रात ऐकू येतं, “दिवसभर विचार थोपवले, रात्री दुपटीने आले.” सूचनेत काय कमी पडतं? लक्ष-प्रशिक्षण (वेगवेगळ्या आवाजांवर लक्ष वळवण्याचा सराव) लगेच जोडावं का?

प्रतिसाद १:
विचार आणि काळजी वेगळी करून न सांगताच वेळ दिली की हे होतं. ‘मुलाचा फोन लागत नाही’ हा विचार. ‘अपघात झाला असेल का, दवाखान्यात कोण नेईल, पैसे कुठून आणू’ ही काळजी. पहिला आपोआप येतो, पुढची माळ आपण ओवतो. लांबणीवर टाकायची ती माळ. विचाराला उत्तर द्यायचं नाही आणि हाकलायचंही नाही.

सत्रातच करून घ्या: १ मिनिट निळा हत्ती मनात येऊ द्यायचा नाही, मग १ मिनिट येवो-जावो, नुसतं बघायचं. फरक त्यांनीच बोलून दाखवू दे.

ती १५ मिनिटं सक्तीची नाहीत, हेही बजावा. सातला अनेकांना काळजी करावीशीच वाटत नाही आणि आपल्याला तोच पुरावा हवा असतो. ‘काळजी माझ्या ताब्यात नाही’ हे ० ते १०० मध्ये किती पटतं, ते आधी आणि आठवड्याने विचारा. आकडा हलला नाही, तर लांबणीवर टाकण्याच्या नावाखाली विचार दाबायला टीव्ही किंवा जप चालू आहे का, ते तपासा.

प्रतिसाद २:
वेळ झोपेच्या तोंडावर नको. ही थेरपी मांडणारे एड्रियन वेल्स यांचा समजुती हाताळण्याचा क्रमही मोडू नका: आधी ‘ताब्यात नाही’, मग ‘काळजीने वेड लागेल’, शेवटी ‘काळजी करते म्हणून घर नीट चाललंय’. आपल्याकडे ही तिसरी समजूत फार चिवट, कारण काळजी म्हणजेच माया असं धरलेलं असतं. एक दिवस मुद्दाम जास्त, एक दिवस कमी काळजी करायला सांगा आणि घर खरंच बिघडतं का ते बघायला लावा.

लक्ष-प्रशिक्षण साधारण १२ मिनिटांचं: ५ मिनिटं एकेका आवाजावर, ५ मिनिटं भराभर बदलत, २ मिनिटं सगळे एकदम. पंखा, घड्याळ, रस्ता असे निदान सहा आवाज हवेत, नजर एका ठिपक्यावर. जीव घाबरला की लगेच हे करायला सांगू नका, नाहीतर तीही पळवाट होते.

प्रश्नकर्ता:
अडचण खरीच असेल तर? मुलाला ताप आहे, समजा.

प्रतिसाद १:
मग ताप मोजायचा, औषध द्यायचं, डॉक्टरांना फोन करायचा. ते लांबणीवर टाकायचं नाही. फोन ठेवल्यावर जे डोक्यात फिरत राहतं, ते सातला.