नरकासुराच्या पापणीची नायटिनॉल तार तापून पुठ्ठा करपला, प्रोटेक्शन काय लावायचं?

डिचोलीचोपोर:
मंडळी, दिवाळीच्या पहाटे जाळायच्या आमच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याला यंदा डोळे मिचकावायला लावायचे असं पोरांनी ठरवलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. मोटरचा घर्रघर्र आवाज नको म्हणून नायटिनॉल तार (करंटने तापली की आकसते ती) घेतली, 0.15 मिमीची, एका पापणीला 20 सेंमी. 12 व्होल्टचा अडॅप्टर, आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), पीडब्ल्यूएम (करंट भराभर चालू-बंद करणं) 40 टक्के, म्हणजे साधारण पावणेपाच व्होल्ट झाले ना? टेबलावर दोन दिवस झकास चाललं. डोक्यात बसवलं आणि रात्री करपट वास, बघतो तर पापणीमागचा पुठ्ठा तपकिरी झालेला, आणि तार आता आळशी झालीय, निम्मीच आकसते. आता तो जळायचाच आहे हे मान्य, पण पहाटे, सगळ्यांसमोर. आदल्या रात्री दहा वाजता एकटाच नको. थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) चिकटवू की फ्यूज टाकू?

गरमडोकें:
पॉलीफ्यूज टाक, दहा रुपयांचं काम. करंट वाढला की आपोआप तोडतो, थंड झाला की परत जोडतो.

फोंडा_वायरमन:
पॉलीफ्यूज इथे काही कामाचा नाही रे. तो तापून ट्रिप व्हायला काही सेकंद घेतो, केसासारखी तार तेवढ्यात लाल होऊन मोकळी. थर्मिस्टरचंही तेच, त्याचा मणी तारेपेक्षा कितीतरी जाड, तो गरम होईस्तोवर तार कुठच्या कुठे पोचलेली असते.

खरी गडबड तुझ्या हिशोबात आहे. पीडब्ल्यूएम 40 टक्के म्हणजे सरासरी 4.8 व्होल्ट, बरोबर, पण तारेला सरासरी व्होल्टेज कळत नाही, तिला वॉट कळतात, आणि वॉट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात. या जाडीच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला 55 ओहमच्या आसपास, तुझ्या 20 सेंमीला 11 ओहम. तिला साधारण 410 मिलिअँप लागतात, म्हणजे साडेचार व्होल्ट आणि पावणेदोन-दोन वॉट. तू 12 व्होल्ट 40 टक्के वेळ देतोयस, ते होतात सव्वापाच वॉट! जवळजवळ तिप्पट. साडेचार व्होल्टइतकीच ऊब हवी तर ड्यूटी, म्हणजे चालू वेळेचा वाटा, 14 टक्के ठेवायला हवी होती. टेबलावर वर पंखा फिरत होता ना? म्हणून निभावलं. नरकासुराच्या डोक्यात वारा कुठून येणार.

आणि आर्डुइनो हँग झाला किंवा रिसेट होताना मॉसफेटचं गेट (त्याला चालू-बंद करणारा पाय) लोंबकळत राहिलं तर पूर्ण 12 व्होल्ट म्हणजे 13 वॉट त्या तारेत. म्हणून आधी ते 12 व्होल्टच काढून टाक. 5 व्होल्टचा अडॅप्टर आणि सिरीजला 1 ओहमचा अर्धा वॉटवाला रेझिस्टर, म्हणजे कोड मेला तरी तार लाल होणार नाही. गेट ते ग्राउंड 10 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे गेट लोंबकळणार नाही, विसरू नको.

तंगूसवाला:
वरचं सगळं बरोबर. त्यात एक भर घालतो, पापणी पुरी मिटली की दाबला जाईल असा मायक्रोस्विच बसव आणि करंट त्याच्या नॉर्मली क्लोज्ड (न दाबता जुळलेल्या) कॉन्टॅक्टमधून ने. मिटली की करंट तुटला, किंचित उघडली की परत जुळला, थोडी थरथर होईल पण कोडचा भरवसाच नको. पापणी ग्लू गनच्या थेंबात अडकली तर मात्र स्विच दाबलाच जाणार नाही, म्हणून कोडमध्ये दोन सेकंदांची मर्यादाही ठेव.
बाकी मी पुतळ्याच्या बोटांसाठी तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) पिळून, तापवल्यावर आकसणारे स्नायू केलेत, 2014 मध्ये टेक्सासच्या विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलेत तसले. त्यात वेगळीच गंमत, नायलॉन सव्वादोनशे अंशाला वितळतो, पण वितळून तुटला म्हणजे फ्यूज उडाला असं समजू नका, तापवायला वर गुंडाळलेली नायक्रोमची तार तशीच तापत राहते आणि कागद साधारण तेवढ्यातच पेटतो.

गरमडोकें:
बरं, पॉलीफ्यूज मागे घेतो 😅

डिचोलीचोपोर:
वर्गाचं डोक्यातच आलं नाही. आत्ता 5 व्होल्ट आणि 1 ओहमवर लावून पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून बघितलं, दीड सेकंद चालू, चार सेकंद बंद, असं अर्धा तास. पापणी थोडी सावकाश मिटते, पण राक्षसाला ते उलट शोभतं, आणि पुठ्ठ्याला बोट लावलं तर नुसता कोमट. ही नवीन तार होती, आळशी झालेली सुधारेल का?

फोंडा_वायरमन:
नाही, तारेची आकसायची आठवण एकदा जास्त तापून बिघडली की ती तार फेकायचीच. आणि नवीन तारेची टोकं सोल्डर करत बसू नको, धड धरत नाही, बारीक पितळी नळीत घालून पकडीने चेप.

डिचोलीचोपोर:
देव बरें करूं. पितळी नळी बॉलपेनच्या रिफिलची चालेल? टोकाकडची.

तंगूसवाला:
चालेल, आधी शाई नीट पूस.