तत्रैव, उनि, संदर्भसूची : कुठे काय लिहायचं?

अमळनेरहून प्रश्न

नमस्कार. खानदेशाच्या स्थानिक इतिहासावर प्रबंध लिहिते आहे. पहिलं प्रकरण तपासून आलं, त्यात सरांनी दोन ठिकाणी 'तत्रैव' खोडून 'उनि' केलंय आणि शेवटच्या 'ग्रंथसूची'ला 'संदर्भसूची' म्हटलंय. या शब्दांत नेमका फरक काय? आणि अजून एक. १८८०च्या खानदेश गॅझेटिअरमधला (ब्रिटिश सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातला) एक उतारा मला अलीकडच्या एका पुस्तकात मिळाला. तळटीप कोणाची द्यायची, गॅझेटिअरची की त्या पुस्तकाची?

चाळीसगाव

ताई, तत्रैव म्हणजे तत्र + एव, तिथेच. लगेच आधीच्या टिपेत जो ग्रंथ आहे तोच, एवढंच ते सांगतं. उनि म्हणजे उपरिनिर्दिष्ट. ग्रंथ वर कुठेतरी येऊन गेलाय, पण मधे दुसरे ग्रंथ आलेत, तेव्हा लेखकाचं नाव लिहून पुढे 'उनि' आणि पृष्ठक्रमांक. काही जण त्याच अर्थाने 'पूर्वोक्त' लिहितात. जुन्या पुस्तकांत 'कित्ता' दिसेल, तो हिशेबाच्या वह्यांमधला शब्द, 'वरीलप्रमाणे' या अर्थाचा.

धुळे

भाऊंनी अर्थ बरोबर सांगितला. पण माझं मत स्पष्ट आहे : आज प्रबंध लिहिणाऱ्याने हे दोन्ही शब्द समजून घ्यावेत, जुनी पुस्तकं वाचताना ते लागतातच, आणि स्वतःच्या लिखाणात शक्य तितके टाळावेत. कारण सांगतो.

समजा, तुमची टीप १४ इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'ची आहे आणि टीप १५ 'तत्रैव, पृ. ६२'. महिन्याभराने तुम्ही दोन्हींच्या मधे गॅझेटिअरची एक टीप घालता. संगणक आकडे आपोआप पुढे सरकवतो, 'तत्रैव'ला मात्र हात लावत नाही. आता ते 'तत्रैव' गॅझेटिअरकडे बोट दाखवतं. परीक्षक गॅझेटिअरचं पृष्ठ ६२ उघडतो, तिथे भलताच मजकूर. छापील खिळे जुळवायच्या काळात हे होत नव्हतं, कारण टिपा शेवटी एकदाच लागायच्या.

'उनि'चा घोळ याहून मोठा. राजवाड्यांच्या 'साधनां'चे २२ खंड आहेत. 'राजवाडे, उनि, पृ. ४०' लिहिलं तर कोणता खंड? वाचकाने मागची पन्नास पानं उलटायची का? त्यापेक्षा 'राजवाडे, साधने, खंड ८, पृ. ४०' लिहिलं की कुठेही उचलून ठेवा, टीप खरीच राहते. इंग्रजीतही हेच झालं. संदर्भ देण्याच्या शिकागो शैलीच्या २०१७ सालच्या सतराव्या आवृत्तीने 'इबिड'ऐवजी (इंग्रजीतलं 'तत्रैव') आडनाव आणि ग्रंथाचं आखूड नाव द्यायला सांगितलं. तुमच्या विद्यापीठाचा नियम 'तत्रैव' मागत असेल तर जरूर लिहा, पण ते अगदी शेवटच्या मसुद्यात घाला. तोवर प्रत्येक टीप पूर्ण असू द्या.

सूचीचं सांगतो. संदर्भसूचीत फक्त तेच यावं ज्याचा लिखाणात प्रत्यक्ष उल्लेख केलाय. ग्रंथसूची त्याहून व्यापक, विषयासाठी वाचलेलं आणि वाचावं असं सगळं तिच्यात येऊ शकतं. एमएलए या दुसऱ्या संदर्भशैलीतली 'वर्क्स सायटेड' ही पहिल्या प्रकारची. सूची फुगवण्यासाठी न उघडलेली पुस्तकं घालायची सवय आपल्याकडे फार आहे. तुमच्या सरांनी शब्द बदलला तो त्यासाठीच असेल, आणि ते योग्य आहे.

आता गॅझेटिअर. तुम्ही जे हातात धरलं त्याचीच टीप द्यायची. म्हणजे मूळ ग्रंथाचं नाव, साल, मग 'उद्धृत' आणि पुढे ज्या पुस्तकातून घेतलं ते, पृष्ठासह. (उद्धृत, उधृत नव्हे, त्यातला 'द्ध' हा उत् उपसर्गामुळे येतो.) नुसतं गॅझेटिअरचं नाव लिहिलं तर मी मूळ पाहिलं असा दावा होतो. मधल्या लेखकाने आकडा चुकवला असेल, ओळ गाळली असेल, तर ती चूक तुमच्या सहीने पुढे जाते. स्थानिक इतिहासात अशा चुका पिढ्यान् पिढ्या फिरतात, प्रत्येक जण आधीच्याचं उचलतो आणि प्रत्येकाच्या तळटिपेत मूळ साधनाचं नाव असतं. ही गोष्ट मला मनापासून लागते, म्हणून एवढं लिहिलं.

अजून एक. १८८०च्या गॅझेटिअरमध्ये 'खानदेश जिल्हा' म्हणजे अखंड खानदेश. पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी १९०६ची, आणि नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला १९९८ला. सालाशिवाय दिलेला संदर्भ इथे नुसता अपुरा राहत नाही, चुकीचा ठरतो. तुम्ही पुनर्मुद्रण वापरत असाल तर दोन्ही सालं द्या, मूळ आणि पुनर्मुद्रणाचं.

जळगाव

सर, 'संदर्भ' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ओवणं, गुंफणं. मराठीत आपण तो दोन कामांना वापरतो. 'संदर्भ सोडून वाक्य उचललं' मधला संदर्भ वेगळा आणि 'संदर्भ दिला' मधला वेगळा. मुलं दुसरा देतात आणि पहिला सोडतात. आधार, दाखला, हवाला हे शब्दही आहेतच. मला 'आधार' आवडतो, कारण 'याला आधार काय?' हा प्रश्न घरातही विचारला जातो.

बहिणाबाई चौधरींवर लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली निघाली आणि तिला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. प्रस्तावनेतलं वाक्य घेतलं तर टिपेत लेखक म्हणून अत्रे यायला हवेत, 'प्रस्तावना' असा उल्लेख करून. मी तपासलेल्या निबंधांत अत्र्यांची वाक्यं सर्रास 'चौधरी, पृ. अमुक' अशी येतात. वाचणाऱ्याला वाटतं की ते बहिणाबाईच म्हणाल्या. दुसरी, आवृत्त्या पुष्कळ आणि पृष्ठक्रमांक बदलणारे, म्हणून कवितेचं शीर्षक टिपेत असू द्या.

सूची अकारविल्हे लावताना त्या 'चौधरी, बहिणाबाई' अशा च खाली येतील. तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई मात्र 'बहिणाबाई' म्हणून ब खाली. दोघींना एकत्र केलेली सूची मी पाहिली आहे.

चाळीसगाव

'स्रोत' की 'स्त्रोत'? प्रबंधात दोन्ही दिसतात.

जळगाव

स्रोत. पहिल्या जोडाक्षरात त नाहीच, स आणि र एवढेच. इतिहासासाठी मात्र 'साधन' हा शब्द जास्त रुळलेला आहे, राजवाड्यांनी तोच वापरला. प्राथमिक साधनं, दुय्यम साधनं.

धुळे

जळगावच्या ताईंच्या शीर्षकाच्या मुद्द्याला जोडून सांगतो. दासबोधाचा दाखला दशक, समास, ओवी असा द्या. मग कोणाकडे कोणतीही प्रत असो, ओवी सापडते. हस्तलिखित पोथी पाहिली असेल तर 'पान' शब्द जपून वापरा. बोलताना पान म्हणजे पृष्ठ, पण पोथीचं पान म्हणजे पूर्ण पत्र, त्याला दोन बाजू. 'पत्र १२ अ' किंवा '१२ ब' असं लिहावं, सोबत संग्रहाचं नाव आणि बाडाचा क्रमांक. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर दोन्हीकडे जुने कागद आहेत. तिथे बसून नोंद घेतानाच हा तपशील टिपून ठेवा. घरी आल्यावर आठवणीने लिहू म्हटलं की तो हातचा जातो.

नंदुरबार

मी लग्नातली अहिराणी गाणी गोळा करतो. गावात टिपण काढायला बसलो की म्हातारी माणसं विचारतात, "कोठे लिखेल शे?" लिहिलेलं कुठेच नाही. मग तळटिपेत काय देऊ?

जळगाव

दादा, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तारीख आणि ध्वनिमुद्रण कुठे ठेवलंय ते. नाव छापायला त्यांची परवानगी घ्या. नको म्हणाल्या तर वय आणि गाव पुरे. 'लोकपरंपरेतून' एवढंच लिहू नका. ती बाई गात होती, परंपरा नव्हती गात. शब्द तिने म्हटले तसेच लिहा, प्रमाण मराठीत बदललेत तर अवतरणचिन्ह काढा आणि 'भाषांतर माझे' असं नोंदवा. जुनी तुलना हवी असेल तर ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग पहा, १९०७चा. खानदेशी, म्हणजे अहिराणी, तिथे भिल्ली भाषांबरोबर आहे.

चाळीसगाव

आमच्याकडे मुलं म्हणतात, प्रबंधात १० टक्के मजकूर दुसऱ्याशी जुळला तरी चालतं, मग काळजी कशाला.

धुळे

युजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८चा नियम असा की १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्याचा अर्थ तेवढं उचलायला परवानगी असा नव्हे. आणि मराठीत एक गैरसमज घट्ट बसलाय की तळटीप दिली म्हणजे झालं. चार ओळी जशाच्या तशा घेतल्या, अवतरणचिन्ह दिलं नाही, शेवटी आकडा टाकला, तर तेही वाङ्मयचौर्यच. आकडा सांगतो की विचार दुसऱ्याचा, चिन्ह सांगतं की शब्दही दुसऱ्याचे. दोन्ही लागतात.

अमळनेर

सगळ्यांचे आभार. मूळ गॅझेटिअर स्कॅन केलेलं मिळतंय, तेच पाहून घेते. त्याचा पृष्ठक्रमांक कसा द्यायचा?

धुळे

पानावर छापलेला आकडा द्या, पीडीएफच्या पट्टीवर दिसणारा नको. पुढची प्रस्तावना आणि अनुक्रमणिका धरून पट्टीवरचा आकडा पुढे गेलेला असतो. संकेतस्थळावर मजकूर नव्याने टाइप केलेला असेल आणि पृष्ठक्रमांक नसतील, तर प्रकरणाचं नाव, उपशीर्षक आणि तुम्ही पाहिल्याची तारीख लिहा.